रंगाची ओळ

वरची वाडी, ता. पोलादपूर
९ मार्च २०२५

चि. तुळसा हिस आशीर्वाद.

तू महाडला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या आणि मी आज लिहितो आहे. उशीर झाला, माफ कर. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात सातवी शिकलेला हात. पावसात तुझी खोली गळत नाही ना? वसतिगृहाच्या स्वयंपाकात पाय सुजेपर्यंत उभी राहू नको. माझा खोकला आहेच.

बातमी अशी की, कॉलेजची सोनाली नावाची मुलगी आली होती. रंगावरून माणसाला किती कमी लेखतात ते मोजते म्हणे. वाडीतल्या मुलींचे लग्नाचे बायोडाटा तीस वर्षं मीच लिहिले, त्यांची वही तिने मागितली. मोजून हसायला लागली. "आजोबा, शहाऐंशी मुलींत एकावन्न गोऱ्या! एवढ्या गोऱ्या पोरी इथं होत्या कुठं?"

मी म्हटलं, "बाप सांगायचा, मी लिहायचो. पोर उन्हात रापली म्हणायचं गो, कोण विचारतंय?"

"बाकी गव्हाळ, सावळ्या. आणि काळी एकच. ही तुमची मुलगी ना?"

मी म्हटलं, स्वतःच्या घरचं खोटं कसं लिहू?

तुळसा, खरेपणासाठी नव्हतं लिहिलं. तुझी आई गेली होती, तुझा धाकटा भाऊ अनिल दुसरीत. तू सासरी गेल्यावर भाकरी कोण भाजणार होतं? तो शब्द वाचून कोणी दारात येऊ नये, एवढंच बघितलं.

तरी दासगावचे दत्ताराम मुलासाठी आलेच. "रंगाचं काय घेऊन बसलाव? आमचा प्रवीण पण तसाच हाय. पोर पसंत हाय." त्यांना मी सांगितलं, पोरीलाच तुमचा मुलगा काळा वाटतो. तुला सांगितलं, तुझा रंग बघून नको म्हणाले.

मग वर्षभर तू पडवीत हळद-साय चोळत बसायचीस. मी बघायचो. साय नासवतेस म्हणून ओरडलोही.

वीस तारखेला सोनाली चवदार तळ्यापाशी हे आकडे वाचणार आहे. वसतिगृहातल्या मुलींबरोबर तू जाशीलच. नाव घेणार नाही म्हणाली, पण ती एक कोण, ते तुला कळेल. म्हणून आधी मीच लिहिलं.

शेजारची जानकीबाई भाकरी देते, गार असते. शिव्या दे, पण दोन ओळी लवकर पाठव. वीस तारखेच्या आत पाठव.

तुझ्याहून काळा,
तुझा बाप मुरारी