तीन टनीला हवा एक ड्रायव्हर

फरीदाबाद,
रविवार, दुपार (सूर्य असावा, धुरामुळे खात्री नाही)

राजमान्य राजश्री खंडेराव यांना श्रीरंग मेकॅनिकचा टाच जुळवून रामराम. उत्तरा वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि दारातल्या त्या चावऱ्या कुत्र्याला लांबूनच विचारल्याचे सांग.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनी फोनवर म्हणाल्या की अजून बाजाराला चालतच जातोस. लेकाने ट्रॅक्टर घेतला, त्याला हार घातलास, नारळ फोडलास, पण सीटवर काही बसला नाहीस. एसटीतसुद्धा म्हणे सगळ्यात मागे बसतोस, पुढचा रस्ता दिसू नये म्हणून. एकतीस वर्षं झाली, खंडेराव. आपल्या युनिटमध्ये घाटात तुझ्यासारखा ड्रायव्हर नव्हता. तर मुद्द्याचं आधी लिहितो: तू इकडे ये आणि माझा ट्रक चालव. एवढंच मागणं आहे. पुढचं सगळं पाल्हाळ आहे, तरी वाच, कारण ते लिहायला मला दोन आठवडे लागलेत.

म्हातारपणी माणसाला काहीतरी जडतं. कोणाला मधुमेह, कोणाला भजनी मंडळ. मला जुने ट्रक जडले. पेन्शनीत निघालेला, कारखान्यातली दुसरी नोकरीही संपलेला माणूस घरात दिवसभर दिसू लागला की बायको त्याला एखादा छंद लावून घ्या म्हणते. सुमित्राच्या मनात बागकाम होतं. मी पानिपतजवळच्या एका वीटभट्टीवरून लांब नाकाचा जुना ट्रक आणला. (पानिपताहून मराठी माणसाने काही घेऊन परतणं हाच मला पराक्रम वाटला होता. सुमित्राचं मत वेगळं पडलं.) तो दारात उभा केला आणि तिसऱ्या दिवशी क्रेन आली. इथला नियम तुला ठाऊक नसेल. दिल्लीच्या आसपास डिझेलची गाडी दहा वर्षांची झाली की ती मेली असं धरतात, मग ती चालत असो वा नसो. पावतीवर लिहिलं होतं ‘आयु पूर्ण’. सुमित्राने क्रेनवाल्यांना चहा दिला आणि नवऱ्यांसाठी अशी काही योजना आहे का, ते विचारून घेतलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, नाही म्हणाले, पण जरा वेळ घेऊन.

दुसरा पाण्याचा टँकर होता. त्याला गळती होती आणि गल्लीला नाक होतं, कारण त्यात पाणी वाहिलेलं नव्हतं, एवढंच लिहितो. तोही गेला. मग शहाणा होऊन मी कालव्यापलीकडे एका चौधरींच्या गोठ्यामागची जागा घेतली आणि तिसरी गाडी ट्रेलरवर घालून, ताडपत्रीखाली झाकून, एखाद्या प्रेतासारखी तिथे नेली. चौधरी भला माणूस. रोज सकाळी बाज टाकून बसतो आणि मी गाडीखाली शिरलो की एकच प्रश्न विचारतो: “फौजी, भैंस तो दूध देती है, तेरी गाड़ी क्या देती है?” मध्यंतरी त्याची एक म्हैस माझ्या गाडीच्या सावलीत व्याली, तेव्हापासून गाडीबद्दलचं त्याचं मत थोडं सुधारलं आहे.

आमचा युवराज नोएडाला कॉम्प्युटरवर असतो, रविवारी मदतीला येतो. मदत म्हणजे एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात टॉर्च, आणि टॉर्चचा उजेड माझ्या डोळ्यांत. चाळीस वर्षांचा घोडा, पण वाढला छावण्यांमध्ये, त्यामुळे मराठी निम्मी गळून पडली. त्याला म्हटलं, तो नट नीट आवळ. तर म्हणतो, “बाबा, नट में आंवला क्यों डालना है?” मी हसलो नाही. त्या शब्दावर मला हसू येत नाही. (तुला माहीत नसेल, मला एक खोड लागली आहे. कुठलाही नट मी तीनदा आवळतो, घरी जाऊन परत येतो आणि चौथ्यांदा आवळतो. घरातले नळ, गॅसची नळी, प्रेशर कुकर, सगळं. लोणच्याची बरणी मी बंद केली की ती वर्षभर बंद राहते. सुमित्रा म्हणते, तुमच्या तिरडीच्या गाठी तुम्हीच बांधून ठेवा, आमच्या हातून तुमच्या मनासारख्या घट्ट होणार नाहीत.)

आता गाडीबद्दल. ही आपली तीन टनी आहे. आपली म्हणजे आपलीच. सैन्याने लिलावात काढल्यावर वीस वर्षं ती कुठेकुठे वाळू वाहत होती. भंगारवाल्याकडे चेसिसवरचा गंज घासला आणि नंबर वाचला. तो नंबर मी झोपेतही सांगेन. त्याच गाडीत घाट उतरताना तुझा ब्रेक लागला नाही, उजवीकडे दरी होती, म्हणून तू ती डावीकडे डोंगरावर घातलीस. वीस जवान वाचले. डावीकडे, तुझ्या शेजारच्या सीटवर, आपला हरीश बसला होता, तो एकटा गेला. चौकशीत तुझ्याकडून जेमतेम एक वाक्य निघालं, “ब्रेक माझ्या पायाखाली होता, साहेब.” त्यांनी तेवढंच लिहून घेतलं आणि ड्रायव्हरची चूक ठरली. दोन वर्षांनी तू फीत न वाढता घरी गेलास. मला बढती मिळाली. मला ते सगळं आठवतं आणि वाईट वाटतं, हे तुला कधी लिहिलं नव्हतं, आज लिहितो.

तर आता गाडी तयार आहे. इंजिन पहिल्या हाकेला उठतं. रंगही तोच हिरवा मिळाला. सरकारी हिशेबाने ती मेलेली आहे, त्यामुळे रस्त्यावर काढता येत नाही, पण गोठ्यामागे शंभर पावलांचा उतार आहे, तेवढा पुरे. मी स्वतः चालवत नाही, मी मेकॅनिक, माझी जागा खाली. तू निजामुद्दीनला उतर, मी घ्यायला येतो. थंडी आहे, कानटोपी आण. 

तुझा,
श्रीरंग

ता. क. – येताना वहिनींच्या हातचा खर्डा आण. बरणी त्यांनाच बंद करू दे.

ता. क. – वर लिहिलं आहे की मला ट्रक जडले. ते खरं नाही. मला ट्रकांचं काडीचं कौतुक नाही. नऊ वर्षं मी हरयाणातले भंगारवाडे हिंडलो ते त्या एका नंबरासाठी. आधीचे दोन घेतले, कारण नुसतं बघून परत जाणाऱ्या म्हाताऱ्याला भंगारवाले आत सोडत नाहीत.

ता. क. – हे दोन आठवडे लिहायचं राहत होतं. त्या सकाळी डाव्या पुढच्या चाकाच्या ब्रेकची नळी मी बदलली. नट हाताने बसवला, तेवढ्यात चहाची शिट्टी झाली. म्हटलं, आल्यावर पान्याने आवळतो. आलो, समोर वही होती, ‘तपासले, ठीक’ लिहून सही केली. नट आवळायचा राहिला. टकरीत नळी तुटून गेली, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी ती सही दाखवली. म्हणून मग त्यांनी तुला विचारलं. खंडेराव, तुझ्या पायाखाली ब्रेक नव्हताच.

तू आलास की मी उतारावर गाडीच्या पुढे उभा राहणार आहे. नळी नवी घातली आहे. नट पान्याने आवळला आहे, चार वेळा. तरी बसण्याआधी खाली वाकून तू स्वतः बघ. माझ्या सहीवर जाऊ नकोस.