दारफाळणीचा दिवस

मुलुंड (पूर्व),
१३ फेब्रुवारी २०२२

ती. हनोखदादास,
मिल्काचा सा. न. वि. वि. आणि शालोम.

तुझं पत्र मिळालं. आईच्या डाव्या कानाशी बसून दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्यांनाही तुझ्या गुडघ्याची सगळी हकिगत कळली असणार. फोन मात्र आता तिच्या कामाचा राहिला नाही, नुसती हॅलो हॅलो करत बसते. आणि आपण दोघं फोनवर चौथ्या वाक्याला भांडतो, तेव्हा कागदच बरा.

आईची तब्येत शहाऐंशीच्या मानाने झकास आहे. सकाळी मला विचारत होती, यंदा 'अनाशी धाकाचा सण' कधी. पेसाहला तिच्याशिवाय आता हे नाव कोण घेतं रे? नागावला तिच्या लहानपणी आंबवलेल्याची बरणी, ती अनास, आठ दिवस तोंड बांधून ठेवायचे, म्हणून ते नाव. मी सांगितलं, पंधरा एप्रिलला संध्याकाळी. म्हणाली, यंदा सगळं रीतसर कर. तांदळाच्या बिनआंबवलेल्या भाकऱ्या, खजुराचा शिरा, कडू पाला, सगळं. करोनात दोन वर्षं आम्ही दोघीच समोरासमोर बसलो होतो. तिला भरलेलं घर हवंय.

म्हणून मी अंधेरीच्या आमच्या मंडळींना बोलावलंय. दहाजण येतील. आता तुझ्या कपाळावर आठी पडली असेल, पण लपवून करायचं नव्हतं, म्हणून लिहिते.

तुला वाटतं मी नऊ वर्षांपूर्वी येशुआला मशीहा मानलं आणि आपले सण सोडले. सोडायचा प्रयत्न केला होता, हे खरं. ह्यांच्या आजारपणात ज्या बायका प्रार्थनेला यायच्या त्यांच्याबरोबर पहिली दोन वर्षं चर्चला गेले. भली माणसं. नाताळला केक द्यायची, गाणी शिकवायची. पण पेसाहचा निसान महिना लागला की माझे हात आपोआप पीठ मळायला जायचे आणि मी ओट्याशी उभी राहून रडायचे. मग अंधेरीचे नंदकुमार भेटले. बँकेतून निवृत्त झालेत, त्यांच्या हॉलमध्ये शनिवारी वीसएक माणसं जमतात. तिथे कुणी मला म्हणालं नाही की हे जुनं टाकून दे. उलट मलाच विचारलं, तुमच्याकडे पेसाह कसा करतात, आम्हाला शिकवाल का. येशुआ स्वतः हेच सण पाळत होता, दादा. शेवटचं जेवला ते पेसाहचंच. तीन भाकऱ्यांतली मधली मोडून, कापडात गुंडाळून बाबा लपवून ठेवायचे, आणि आपण ती शोधायला पलंगाखाली शिरायचो. आता ती मधली भाकरी मोडताना मला तो दिसतो. मोडलेला, गुंडाळलेला, परत सापडलेला. तू मान असं म्हणत नाही. मला काय दिसतं तेवढं सांगितलं.

यंदा पेसाहची रात्र आणि गुड फ्रायडे एकाच तारखेला आलेत. मला फार बरं वाटलं.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा, आणि रागावलास तरी पत्र टाक.
तुझी,
मिल्का


अश्दोद,
१४ मार्च २०२२

चि. मिल्कास,
अ. उ. आ. आणि शालोम.

गुडघा ठीक. थंडी संपत आली. वहिनीने बाल्कनीत कढीपत्ता लावलाय, त्याला पाच पानं आली म्हणून पाच जणांना फोटो पाठवले. आई, तुला साष्टांग नमस्कार. औषधं वेळेवर घे, मिल्काला दमवू नकोस.

मिल्का, यापुढचं आईला वाचून दाखवू नकोस. पुढचा कागद वेगळाच ठेवलाय.

तुझ्या घरी तू काय करतेस यावर माझा हक्क नाही, हे मी नऊ वर्षांत कसंबसं शिकलो. पण आईच्या पेसाहच्या ताटाशी तू ते नाव घेणार? आपले पूर्वज नागावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्या पोथ्या समुद्रात गेल्या. भाषा विसरली. सण कशाचा हेही धड आठवत नव्हतं, तरी पाळत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, लोकांनी शनवार तेली नाव ठेवलं, तेही घेतलं. एवढ्या उपाशी हातांनी जे राखलं त्यात तू दुसरं काही मिसळतेस, असं मला वाटतं. आणि वाटणं थांबवता येत नाही.

माझ्या मजल्यावर एक म्हातारा राहतो, मूळचा पोलंडचा. त्याच्या आजीच्या गावात ईस्टरच्या आठवड्यात ज्यू लोक दारं आतून बंद करून बसायचे. बाहेर जमाव याच नावाचा जयजयकार करत यायचा. त्याला मी कसं सांगू की माझी सख्खी बहीण आनंदाने लिहिते, यंदा दोन्ही दिवस एकत्र आले?

एक कर. सणाच्या दिवसांत आईला ठाण्याला रिवकामावशीकडे पोचव. मावशीशी मी बोललोय. तू तुझ्या मंडळींबरोबर काय ते कर. आणि या वर्षात मी येऊन आईला इकडेच इस्रायलला घेऊन जाईन म्हणतो.

कठोर लिहिलं. पण तुझ्याशी खोटं गोड बोलायचं नाही, एवढा मान अजून ठेवतो.
तुझा,
हनोख


मुलुंड,
२४ एप्रिल २०२२

चि. हनोख यास,
तुझ्या आईचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र माझं आहे. लिहितेय वरच्या मजल्यावरची ऋतिका. कॉलेजात जाते, अक्षर चांगलं आहे. (काका, नमस्कार. आजी बोलतील तसंच लिहायचं अशी मला सक्त ताकीद आहे.)

मिल्का तुझं पत्र वाचताना पहिल्या कागदालाच थांबली. मी बहिरी आहे, आंधळी नाही. पाकिटात दोन कागद होते. ती भाजीला गेली तेव्हा ऋतिकाला बोलावून दुसरा वाचून घेतला. मग मिल्का आली आणि म्हणाली, आई, सणाला मावशीकडे जातेस का, तुला तिथे बरं वाटेल. तुझं नाव घेतलं नाही. डोळे सुजलेले होते. मी म्हटलं, मी कुठेही जाणार नाही, माझी खुर्ची खिडकीशी लाव.

आता काय झालं ते ऐक. दहाजण आले. त्यांतला एकच आपल्यातला, बाकी कुणी कोकणातले, कुणी घाटावरचे. खाली बसले. मी खुर्चीत. त्यांतल्या एका बाईने मला विचारलं, आजी, ही कडू भाजी का खायची. हनोख, तू गेलास, तुझी मुलं तिकडेच जन्मली. पेसाहच्या ताटावर मला कुणी प्रश्न विचारून अडतीस वर्षं झाली रे. प्रश्न विचारल्याशिवाय तो सण होतो का? मग मी सांगत सुटले. मिसरची गुलामी सांगितली, दुभंगलेला समुद्र सांगितला, सुटका सांगितली. नागावला माझे बाबा बोकडाच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजा उठवायचे आणि तो कागद दारावर लावायचे, ते सांगितलं. सगळे जेवायचे थांबले होते.

मग मिल्काने मधली भाकरी मोडली आणि त्याचं नाव घेतलं. हळूच घेतलं, मला ऐकू येऊ नये म्हणून. मी तिच्या ओठांवरून वाचलं. मी माझी भाकरीवरची ब्राखाची प्रार्थना म्हटली, पूर्ण, मोठ्याने. तिने आमेन म्हटलं. मी तिच्या त्या नावाला आमेन म्हटलं नाही, म्हणणारही नाही. तिला तसं तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली, मला माहीत आहे आई, तू भाकरी खा.

तुला माझा धर्म राखायचाय. माझा धर्म मला राखता येतो. तू एकदा ये आणि डोळ्यांनी बघ. मला न्यायचं की नाही ते मग ठरवू. (आजींनी इथे एक शिवी दिली, ती मी लिहीत नाही.)

सुनेला, नातवंडांना आशीर्वाद.
तुझी आई.


मुलुंड (पूर्व),
४ सप्टेंबर २०२२

ती. हनोखदादास,
सा. न. वि. वि.

तुझं तिकीट झाल्याचं कळलं. अठ्ठावीसला उतरशील, म्हणजे किप्पूरला, आपल्या दारफाळणीच्या सणाला, तू इथे असशील. अडतीस वर्षांनी! आईने कपाटातली पांढरी साडी आत्ताच काढून उन्हात टाकलीय.

तिला तिकडे न्यायचे कागद तू घेऊन येतोयस, तेही कळलं. मी अडवणार नाही. मात्र घरात तिचा आवाज नसेल तर मी कशी राहीन, याचा विचार करायला बसले की उठून भांडी घासते.

तू मार्चमध्ये लिहिलेल्या त्या पोलंडच्या म्हाताऱ्याबद्दल मी खूप महिने विचार केला. त्या लोकांनी ज्याचं नाव घेतलं तो स्वतः ज्यू होता आणि त्या बंद दारांच्या आत असता, बाहेर नाही, एवढंच मला वाटतं. पण हे त्याला सांगायची माझी छाती होणार नाही.

तू विचारलंयस, तुमच्या मते पापाची क्षमा होऊन गेलीय तर किप्पूरचा उपास कशाला. नंदकुमारांच्या घरीही यावर वाद झाला. काहीजण म्हणतात, तो दिवस आता आनंदाचा. माझं सांगते. लहानपणी मला वाटायचं, संध्याकाळी आकाशाला खरंच एक दार आहे आणि ते करकर करत लागतं, आपण आत राहिलो नाही तर संपलं. फार भीती वाटायची. आता ती भीती गेली. मशीहाने ते दार माझ्यासाठी धरून ठेवलंय, असा माझा विश्वास आहे. तरी पाणीसुद्धा न पिता दिवस काढते, कारण माझी माणसं त्या दिवशी उपाशी असतात. त्यांच्यासाठी मागते. तुझ्यासाठीही मागते, रागावू नकोस.

आईला ठाण्याला मशिदीत मीच घेऊन येईन. (ऋतिकाला परवा हा शब्द ऐकून धक्का बसला. तिला सांगितलं, आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात.) मी नऊ वर्षांत तिथे गेले नाही. कुणी येऊ नको म्हटलेलं नाही, पण बायका बाकावर जरा सरकून बसू लागल्या ते मला कळलं होतं. तू काळजी करू नकोस, तुला खाली बघावं लागेल असं काही होणार नाही.

येताना वहिनीच्या हातचं लोणचं आण. बाकी आमच्याकडे सगळं आहे, तूच तेवढा नाहीस.
मिल्का


अश्दोद,
६ नोव्हेंबर २०२२

चि. मिल्कास,
अ. उ. आ.

पोचल्यापासून हे पत्र लिहायचं म्हणतोय. मुलुंडच्या घरात तीन आठवडे तुझ्यासमोर बसून जे बोलता आलं नाही, ते लिहितो.

किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी आले होते. मावशीच्या घरून आम्ही चालत निघालो, तेव्हा सगळ्या रिक्षांना झेंडूच्या माळा होत्या आणि कुठूनतरी ढोल वाजत होता. आई म्हणाली, आपल्या उपासाला आज वाजंत्री आहे. सिनेगॉगच्या फाटकाशी आल्यावर तू आईचा हात मावशीच्या हातात दिलास आणि म्हणालीस, मी इथे बाकावर बसते, आत गर्दी आहे. गर्दी नव्हती, मिल्का. मला ते दिसत होतं. मला सुटल्यासारखं वाटलं.

मग मी आत गेलो आणि बाबांच्या जागेवर बसलो. लहानपणीचे तीनचार चेहरे भेटले. दिवसभर दारातून तू एका कडेने दिसत होतीस. ऊन सरकलं तशी तू बाकावर सरकत होतीस. दुपारी माळी पाणी घेऊन आला, तू मान हलवलीस.

संध्याकाळी शेवटची नेइलाची प्रार्थना सुरू झाली. पोथ्यांची पेटी उघडली, सगळे उभे राहिले. तेवढ्यात बायकांच्या वरच्या सज्ज्यातून आईचा आवाज आला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. ती विचारत होती, मिल्का कुठाय. प्रार्थना म्हणणारा हझान क्षणभर थांबला. मी हातातल्या पुस्तकात बघत राहिलो. मग ती कठडा धरून एकेक पायरी उतरली, माझ्याजवळून गेली, माझ्याकडे पाहिलं नाही. दिवसभराची उपाशी, शहाऐंशी वर्षांची. बाहेर जाऊन तुझ्याशेजारी बसली.

तोच परमेश्वर, तोच देव, असं आम्ही आत सात वेळा म्हटलं. बाहेर तू आईच्या डाव्या कानाशी वाकून म्हणत होतीस, तिला आतलं ऐकू येत नव्हतं म्हणून. ती तुझ्यामागून म्हणत होती. मी तुमच्याकडे बघत मोजत होतो. बाबांनी शिकवलेलेच शब्द, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझ्यापासून तुमच्यापर्यंत पंधरा पावलं असतील. मी मनात तीनदा उठलो. मग शिंगाचा शोफार वाजला आणि दिवस संपला.

तू घरी येऊन आधी मला सरबत दिलंस. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, आईने मला जवळ बोलावून सांगितलं की ती येणार नाही, कागद परत ने. तू स्वयंपाकघरात होतीस.

किप्पूरच्या आधी माणसाने माणसाची क्षमा मागायची असते, हे मी नातवंडांना दरवर्षी शिकवतो. मी नंतर मागतोय. तू आत यावंस म्हणून नव्हे, तो सिनेगॉगातल्या लोकांचा प्रश्न, त्यांच्याही बाजू आहेत. मी बाहेर आलो नाही, याची.

तुझा मशीहा मला मान्य नाही. होणारही नाही, वाट बघू नकोस. पण पुढचा पेसाह पाच एप्रिलला आहे. वहिनी आणि मी तीस मार्चला येतोय, तिकिटं झाली. अंधेरीच्या तुझ्या मंडळींना यंदासारखंच बोलाव. त्यांना विचारायचं ते विचारू दे, आईला सांगायचं तेवढं सांगू दे. तू मधली भाकरी मोडशील, त्याचं नाव घेशील. हळू घेऊ नकोस. मी आमेन म्हणणार नाही, पण तुझ्याशेजारी बसून राहीन.

आईच्या पायांवर डोकं ठेवलंय असं तिला सांग. तुझ्या मनात माझ्यासाठी अजून जागा असेल, या भरवशावर इथे थांबतो.
तुझा दादा,
हनोख