आठ यंत्रांचे पाय

नाटे, ता. राजापूर
३ एप्रिल

प्रिय महेंद्र,

तुझे चार कागद पोचले. ‘एका कृषी अभियंत्याची पंचवीस वर्षे’ हे शीर्षक वाचून आधी वाटलं, कुणाची शोकसभा आहे की काय. तुमच्या माजी विद्यार्थी संघाने पुरस्कारासाठी कर्तृत्वाची माहिती मागवावी आणि तू ती शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे पाठवावीस, यात मला माझा बहुमान वाटला होता. सव्वीस ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्यावर तो ओसरला. दहावीला संस्कृतात तुला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त होते, हे मी अजून विसरलेले नाही. तरीही मी शाळेत संस्कृतचे धातू चालवत बसले आणि तू वर्कशॉपात खरोखरचे धातू वाकवलेस. एकूण मास्तरांचा अंदाज दोघांच्याही बाबतीत चुकला.

कागद मात्र मनापासून वाचले. कातळावर शेततळं टिकत नाही, पाणी जांभ्यातून झिरपून जातं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यावर उपाय करणारा तू पहिला. तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदाखाली पेंढा घालायचा हे तू रामाच्या बापाला तीनदा समजावलंस, आणि चौथ्यांदा स्वतः घातलास. आंबे आकाराप्रमाणे वेगळे करणारी तुझी चाळण अजून चालते. तुझ्या बॅचमधला एक ट्रॅक्टरच्या कारखान्यात मोठा साहेब झाला, एक केनियात गुलाबांना ठिबकने पाणी पाजतो, आणि तू काजूच्या मागे लागलास, असं तू लिहिलं आहेस. ‘मागे लागलास’ला समानार्थी शब्द सुचवणार होते, पण तोच बरा आहे.

तिसऱ्या पानावर एका वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. ‘यंत्र उभ्याने चालवायचे असल्याने आमच्या वाडीतील कामगार महिलांची पाठदुखी साठ टक्क्यांनी घटली.’ त्यात शुद्धलेखनाची चूक नाही.

काजू फोडायचं यंत्र करायला नऊ वर्षांपूर्वी तू मोजपट्टी घेऊन आलास तो दिवस आठवतो. काकीला ओटीवर उभं केलंस आणि शिंप्यासारखी मापं घेतलीस: कोपरापर्यंत किती, कमरेपर्यंत किती, हात पुढे केला की किती. ती लाजून म्हणाली, “अरे, लग्नात पण मला एवढी कोनी मोजली नव्हती.” तू हसला नाहीस. तू म्हणालास, “आई, आता तू खाली बसून काम करायचं नाहीस.” मीही तिथेच उभी होते. काकी खाली बसून कुणाच्या अंगणात काजू फोडत असे हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. ते अंगण आमचं होतं. मी ओटीवर शब्दरूपं पाठ करायची आणि ती खाली बसून लाकडी ठोकळ्याने बी फोडायची. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची सालं निघायची. पाणी प्यायला तिला वेगळा तांब्या होता. याविषयी आपण कधी बोललो नाही. तू यंत्र उभं का केलंस ते मला तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

तुझं यंत्र पहिल्या हंगामात उभ्यानेच चाललं. पाठी खरंच दुखायच्या थांबल्या, तुझे साठ टक्के खरे आहेत. पण मापं घेताना काकी दोन पायांवर उभी होती. यंत्रावर एका पायाने पावडी दाबायची, म्हणजे उरलेलं सगळं अंग सहा तास दुसऱ्या पायावर. आठ बायका आठ यंत्रांपुढे बगळ्यासारख्या. मे महिन्यात सगळ्यांच्या पोटऱ्या सुजल्या. पाठ किती दुखते हे तू प्रत्येकीला विचारलंस. पायांचं विचारलं नाहीस, आणि या बायका न विचारलेलं सांगत नाहीत. दुसऱ्या हंगामाच्या आधी बायकांच्या बचत गटाच्या रसिकाने बाबू वेल्डरला बोलावलं. त्याने आठही यंत्रांचे पाय हातभर कापले, पावडीचा दांडा आखूड केला. आता बायका पाटावर बसतात, एक पाय लांब करून टाचेने पावडी दाबतात, थकला की पाय बदलतात. विळीवर बसायची सवय जन्माची, हात आपोआप चालतो. पहिल्यापेक्षा दीडपट बी फुटते. यंत्राची पाती, दट्ट्या, सगळं तुझंच आहे. करवत चालली तेव्हा यंत्र धरून कोण उभं होतं, हे विचारू नकोस. संस्कृतच्या बाईंचे हातही कधीतरी कामाला येतात.

पुढचं ऐकून हसशील अशी आशा आहे. पायांचे आणि दांड्यांचे कापलेले तुकडे फेकले नाहीत. बाबूने त्यांना खोबण्या पाडून दिल्या. तुझी गाडी फाट्यावर दिसली की बाबूच्या दुकानातून फोन येतो, “इंजिनिअर इले गो!” आणि दहा मिनिटांत आठही यंत्रं उंच होतात. तू येतोस, उभ्या बायका बघतोस, फोटो काढतोस, जातोस. आठ वर्षं हे नाटक बिनचूक चाललं आहे. गावच्या दशावतारातही एवढी शिस्त नसते.

हे सगळं काकीच्या सांगण्यावरून. मी तिला एकदा म्हटलं, काकी, सांगू या त्याला, तो रागावणार नाही. ती म्हणाली, “रागवायचा नाय गो. पन त्याला वाटंल, आई परत खाली बसली.” मग पुढची बी फोडून म्हणाली, “तुमच्याकडं मला बसवायचे. हितं मी बसते. त्यात फरक हाय. पन ह्यो फरक त्याला फोनवर कसा सांगू?” मलाही तो फरक तिने सांगेपर्यंत कळला नव्हता.

आता हे पत्र आत्ताच का, ते सांगते. अठरा तारखेला तुमची समिती यंत्रं बघायला येणार, दिवसभर थांबणार, पहिल्या यंत्रावर पहिली बाई म्हणून येसूबाईचा, म्हणजे आपल्या काकीचा, फोटो घेणार, हे तूच तिला कळवलंस. गेल्या महिन्यात मी तिला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं होतं. तिच्या पायांच्या शिरा फुगल्या आहेत, घोट्याजवळ जखम भरत नाही. फार वेळ उभं राहायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे. तुला सांगू नको म्हणून तिने मला शपथ घातली. परवा दुपारी मी सहज तिच्याकडे गेले, तर ती पडवीतला खांब धरून उभी होती, एका पायावर. मी विचारलं, हे काय? म्हणाली, “सराव करतंय. अठरा तारखेला दिवसभर हुबं ऱ्हायला होवं ना.” तिची शपथ मी मोडते आहे, त्याचं पाप माझ्या डोक्यावर. पुरस्कार मिळेल न मिळेल, ते तुमची समिती बघेल. तू मात्र सतरालाच ये. फाट्यावर गाडी ठेव, बाबूला फोन करू देऊ नकोस, चालत वाडीत ये. तुला बघून ती गडबडीने उठायला लागेल. तिच्या समोर जमिनीवर बस, आणि तिला बसूनच राहू दे.

तुझीच,
गोदा