पंखातले ठोके

२ नोव्हेंबर १९९८, सातपूर
घण्! घण्! निफाडच्या शाळेत रुळाचा तुकडा टांगलेला असे. त्यावर हातोडा पडला की माझा कवितेचा तास. आज हँगरमध्ये तसाच आवाज घुमला आणि निवृत्त झाल्याचे विसरूनच गेलो. विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या या संस्थेत कामगारांना सुरक्षेचे नियम मराठीतून समजावायचे, हे माझे काम. मधोमध एक म्हातारे विमान, पंख वाळवत बसलेल्या पाणकावळ्यासारखे. मन कसे हरखून गेले!

४ नोव्हेंबर
इंधनाची टाकी पंखातच असते. माणूस सरपटत आत शिरतो. वाफेने भोवळ येते, म्हणून झाकणाशी एक राखणदार. दर दोन मिनिटांनी त्याने हाक मारायची, आतल्याने पत्र्यावर दोन ठोके द्यायचे. ठोके आले नाहीत की ताबडतोब ओढून काढायचे. माणसे कमी, म्हणून राखणदार मीच. फोरमन खंडेराव सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, हाक मारायची. गानी नाय म्हनायची." सगळे फिदीफिदी हसले. टाकीत शिरणारा पेठकडचा गोटीराम तेवढा हसला नाही.

९ नोव्हेंबर
गोटीराम गेला.
हाका मारता मारता पाचवीची एक कविता ओठांवर आली. डोळे मिटले. ठोके येत होते, दोन, दोन, दोन. खंडेरावने गदागदा हलवले तेव्हा पाहिले, माझीच बोटे पंखावर ताल धरून होती. आतून काहीच येत नव्हते. केव्हापासून, देव जाणे.

१० नोव्हेंबर
चौकशीत विचारले, ठोके येत होते? मी सांगितले, शेवटपर्यंत. सही केली. साहेबांनी लिहिले, गोटीराम शुद्धीवर होता, हट्टाने बाहेर आला नाही, चूक त्याचीच. तोच कागद त्याच्या बायकोच्या हाती दिला.
खंडेराव माझ्या पायाशी थुंकला. डबे उघडताना सगळे माझ्याजवळून उठले.

१३ नोव्हेंबर
खोलीच्या भिंतीत ठोके. दोन. शेजारची गिरणी असेल—
गिरणी आज बंद आहे.

१४ नोव्हेंबर
हाक मारली की थांबतात. दोन मिनिटे. मग पुन्हा— घसा बसला. कविता आठवत नाही, एकही—

१५ नोव्हेंबर, भर दुपार
खरे काय ते लिहून द्यायला बसलो, तोच दार ढकलून नवसाबाई आली. गोटीरामची बायको. इतक्या लांबून, एकटी. शिव्या देत नाही. म्हणते, "तुमी शेवटपर्यंत आयकलं ना मास्तर? मंग त्याला सांगा, मेलास म्हनून. माझं आयकत नाय. संगं आनलाय."
दारातून बाजूला सरते आहे. इंधनाचा वास— मान वर करवत नाही— कुणीतरी सरपटत—