काशाचा गोळा आणि माझं बोट

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (दोन्ही हात जोडून. मध्ये एक दिवस ते जमलं नसतं, त्याचं कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? इस्त्रीच्या टेबलापाशी स्टूल घेतेस, की अजून दिवसभर उभीच असतेस? ताईच्या लग्नाची सगळी धावपळ तू एकटीच अंगावर घेतली असशील, हे न विचारताही मला माहीत आहे. मी बरी आहे. म्हणजे प्रकृतीने.

आधी एक दुरुस्ती करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की आमच्या संग्रहालयातली जी वस्तू कुणालाच ओळखता येत नव्हती, तिचा उपयोग मी शोधून काढला. ते वाक्य चुकीचं आहे. मी काही शोधून काढलं नाही. माझं बोट तिच्यात अडकलं.

तुला ती वस्तू आठवत असेल. लिंबाएवढा, आतून पोकळ असा काशाचा गोळा, त्याला पाच भोकं, एकाचं माप दुसऱ्याला नाही, आणि प्रत्येक भोकाभोवती बारीक मण्यांची कड. जमिनीतून निघाला तेव्हा आजूबाजूला दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? मी चित्र काढून घरी पाठवलं, तर बाबांचं उलट टपाली उत्तर आलं, की हा बेअरिंगचा कप आहे, यात कुणाला शंका असेल तर त्याने दुकानात येऊन सायकल खोलून बघावी. तू लिहिलंस, इस्त्रीआधी कपड्यावर पाणी शिंपडायला याच्यासारखी सोय नाही. आमच्या दारावरचे रखवालदार म्हणाले, कुलपाचा भाग आहे. दात दुखत होता म्हणून दवाखान्यात गेले, तर दंतवैद्यांनी माझं तोंड उघडं असतानाच सांगितलं, की ते औषध कुटायचं असणार. तेव्हा मी मनात हसले होते, की बघा, ज्याला त्याला आपापलं दुकान दिसतं. मी शिकलेली ना! मला काय दिसलं, तर माप. पाच भोकं, पाच बोटं. हातमोजे शिवणाऱ्या कारागिराचं बोटं मोजायचं साधन. जिने जन्मभर परीक्षा दिल्या, तिला दुसरं काय दिसणार, हे मात्र तेव्हा सुचलं नाही.

आता नियम असा आहे, की जुन्या वस्तूंना सुती हातमोजे घालूनच हात लावायचा. मी तो कधी मोडलेला नाही. (मोजे रोज धुते. दोन जोड आहेत.) पण त्या दिवशी वाटलं, मोज्याच्या जाडीने माप चुकेल, आणि चुकीचं माप लिहून ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाला फसवणं. म्हणून, केवळ काटेकोरपणासाठी, मी उजव्या हाताचा मोजा काढला. करंगळी गेली आणि आली. तर्जनी गेलीच नाही. करंगळीशेजारचं बोट मात्र गेलं, आणि आत्या, आलं नाही.

ओढलं, तर पेर सुजलं. पिळलं, तर आणखी सुजलं. साबण लावावा, तर दोन हजार वर्षांच्या काशाला साबण लावायची परवानगी लेखी घ्यावी लागते आणि ती देणारे साहेब जिन्यावरून वर येत होते. एकटे नाही, सोबत पाहुण्या बाई होत्या (संग्रहालयाला देणगी देणाऱ्या मंडळाच्या त्या अध्यक्ष आहेत), आणि बाईंमागे फोटो काढणारा. सूज उतरावी म्हणून मी हात डोक्याच्या वर धरून उभी होते. दाराआड लपायला जागा होती, पण तो गोळा घेऊन लपलेली सापडले असते तर ती चोरी दिसली असती, म्हणून लपले नाही. तुला पेपरात आलेला फोटो आठवतो ना, खाली "अभिमानाने उंचावलेला हात" असं छापलेला? तो अभिमान नव्हता. ती सूज होती.

पाहुण्या बाई दारातच थांबल्या. "अगंबाई, हे बोटात घालायचं होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "हो, बोटात गेलं आहे." हे वाक्य मी नंतर शंभरदा तपासलं. त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरी ते सगळंच्या सगळं खोटं आहे. बाई म्हणाल्या, "आणि हे घालून हाताने काही कामच करता येत नसेल!" मी म्हणाले, "अजिबात नाही." हेही खरंच. तेव्हा त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "मग हे साध्यासुध्या बाईचं नाहीच. जिला कामच करायचं नाही अशी कोण? राणी! नव्या राणीच्या बोटात घालत असणार." साहेब भले गृहस्थ. त्यांनी माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं, की मला मान डोलावण्यापलीकडे काही सुचलं नाही. मंडळी चहाला खाली गेली आणि दहा मिनिटांत बोट आपोआप निसटून बाहेर आलं. जे काम आधी करायचं, ते वस्तू नेहमी नंतरच करतात.

आठवड्याच्या आत कपाटावर पाटी लागली: "राजवधूचे अंगुलिभूषण". त्या पाटीसमोरून मी रोज जायची. हल्ली खालच्या जिन्याने वळसा घालून जाते. परवा एक बाई आपल्या लेकीला समजावत होत्या, की बघ, पूर्वी राण्यांना काही काम नसे. ती पोर मला विचारायला आली, "मग नाक खाजलं तर?" मी म्हणाले, डाव्या हाताने. बघ आत्या, एका खोट्याला मी स्वतःहून दुसरं जोडलं, तेही लहान मुलीशी. वरून साहेबांनी सांगितलं आहे, की या शोधामुळे माझी नेमणूक कायम करण्याच्या कागदावर ते सोळा तारखेला सही करणार आहेत.

हे सगळं मी कदाचित गिळलंही असतं. पण काल तुझं पत्र आलं. फोटो दाखवून तू तांबटाकडून हुबेहूब पितळी गोळा करून घेतलास, आणि एकवीस तारखेला ताई तो बोटात घालून बोहल्यावर चढणार! "पोरीने शोधलेलं पोरीच्या घरात नको का दिसायला?" असं तू लिहिलं आहेस. वर, व्याही मंडळींना मी चार शब्द समजावून सांगायचे आहेत. आत्या, घरातून शाळेची पायरी पहिल्यांदा मी चढले. सगळे म्हणत होते दुपारपर्यंत रडत परत येईल, आणि तू इस्त्रीचं दुकान बंद करून शाळेसमोरच्या बाकावर जाऊन बसलीस. मधल्या सुट्टीत खिडकीतून पाहिलं, तर तू तिथेच. इतकं करून शिकवलेल्या मुलीने घराला काय दिलं, तर एक खोटी राणी.

खरी गोष्ट एवढीच, की तो गोळा कशासाठी होता हे मला माहीत नाही. साहेबांना नाही, बाईंना नाही, कुणालाच नाही. पाटीवर तेवढंच लिहायला हवं होतं. ते लिहायला शिक्षण लागत नाही म्हणून मला लाज वाटली असावी. आता मात्र वाटतं, बहुधा त्यालाच लागतं.

सर्वांना नमस्कार, ताईला आशीर्वाद द्यायचं माझं वय नाही, म्हणून नुसतं प्रेम.

तुझी भाची

ता. क. ताईला तो पितळी गोळा घालून बघू देऊ नकोस. बघितलाच असेल तर ओढू नका. हात वर धरून तिला स्वस्थ बसव, आणि फोटोवाल्याला खोलीबाहेर ठेव.

ता. क. दुसरा. बाबांना सांग, बेअरिंगचा कप हा अंदाज अजून कुणी खोटा ठरवलेला नाही. तुझाही नाही. मला तुम्हां दोघांना हसायचा हक्क नव्हता.

ता. क. तिसरा. (पत्र खरं तर यासाठी.) मी साहेबांना सगळं सांगून पाटी उतरवायला लावणार आहे. त्यानंतर ते त्या कागदावर सही करतील असं वाटत नाही. त्यांच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे. तुला आत यायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं तिथे बसायचं आहे. दाराला काच आहे. मी मान वळवली तर तू दिसशील. संग्रहालय बंद असतं त्या दिवशी साहेब एकटे असतात, म्हणून तोच दिवस धरला आहे: सोमवार, पंधरा तारीख.