झोपलेले लॅपटॉप आणि चाळीस पुल्ला

सोमवार, ३ नोव्हेंबर
लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, माझं नाव जाणार. नक्की. लॅपटॉप मिटला की नेटवर्क कार्डाला चटकन झोपवणारा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, लिहायला घेतलाय. बॅटरी दीडपट टिकेल. निदान सव्वापट. शुक्रवारी सिर्कापुढे ठेवणार. झोपण्या-उठण्याच्या कोडमध्ये शेवटचा शब्द तिचा. केमी गावी आईला फोन केला. तिने शेजारी सांगितलंसुद्धा.

मंगळवार, ४
पॅच तयार! लॉक तपासणारं टूल मात्र किंचाळतंय. म्हणे झोपताना मी आधी पॉवरचं लॉक घेतो, मग कार्डाचं, उठताना उलटं. दोन्ही एकदम झालं तर एक लॉक झोपवणाऱ्या कोडच्या हातात, दुसरं उठवणाऱ्याच्या, आणि दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर उभे. डेडलॉक. पण एकाच क्षणी झोपतं आणि उठतं कोण? टूल घाबरट आहे.
सायंकाळी ५. टूल बंद केलं. आता एकही तक्रार नाही.

बुधवार, ५
समोरच्या टेबलावरचा इल्मारी म्हणाला, धुराच्या अलार्मची बॅटरी काढलीस म्हणजे आग विझली का रे? म्हटलं, तू साउंड कार्डवाला, तुला काय कळतंय.
सौनाच्या वाफेत बसून नाव कसं दिसेल याचा विचार केला. मधलं नावही घालावं.

गुरुवार, ६
सिर्काने विचारलं, टूल चालू होतं ना? म्हटलं, होतं. खोटं नाही. मंगळवारी होतं.

शुक्रवार, ७
सिर्काने पॅच घेतला!! टीममधल्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर नवं कर्नल. सगळे लॅपटॉप मिटून घरी गेले. सोमवारी आनंदाने वाटायला बेकरीत चाळीस पुल्ला, वेलचीचे गोड पाव, सांगून आलो.

सोमवार, १०, सकाळी ९
सव्वीस लॅपटॉप. एकही उठत नाही. झोपता झोपता नेटवर्कवरून उठायची हाक आली, आणि अडकले.
आमच्याकडे नियम आहे: ज्याने सगळ्यांचं काम बंद पाडलं, त्याने पुल्ला आणायचे. मी दारात, दोन्ही हातांत खोकी. इल्मारी म्हणाला, कमाल आहे बुवा, आम्ही तोंडही उघडलं नाही आणि तू दंड घेऊन हजर! सिर्काने विचारलं, म्हणजे तुला माहीत होतं?
हो म्हटलं तर लबाड, नाही म्हटलं तर मूर्ख. तोंडात पुल्ला कोंबला.

सायंकाळी ४
टूल पुन्हा चालू. सिर्काने केलं. आता माझा प्रत्येक पॅच आधी इल्मारी तपासणार.
पण कर्नलच्या नोंदीत माझं नाव दोनदा आलं: एकदा पॅच घेताना, एकदा काढताना. आईने विचारलं, दोनदा म्हणजे बढती का रे?
म्हटलं, तसंच काहीसं.