स्पंज, मोजा आणि माझा टोन

रविवार, २ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. आज तालमीत माझ्यावर अन्याय झाला. त्याची कुठेतरी नोंद हवी.

आमच्या बँडमध्ये चार जण. मेहुण्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो गिटार वाजवतो आणि स्वतःला लीडर समजतो. दातांचा डॉक्टर ड्रम वाजवतो. पोस्टातल्या बाई गातात. मी बेस गिटार, म्हणजे पाया. पाया कुणाला दिसत नाही, पण पडतं सगळं त्याच्याचमुळे. (वाक्य वाटलं होतं तसं उतरलं नाही. उद्या सुधारेन.)

तालीम डॉक्टरच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुमचा एक सूर संपत नाही तोच दुसरा येतोय, नुसतं मधमाश्यांचं पोळं झालंय. २ मार्चला वाचनालयाच्या नव्या सभागृहात कार्यक्रम आहे. असंच राहिलं तर आपण बेसशिवाय उभे राहू.

लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात बावीस वर्षं काढली आहेत. तक्रार आली की आधी दोष कुणाचा नाही ते ठरवायचं. माझा नाही. मग उरतात तारा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
तारांचाच दोष! नेटवर वाचलं. बेसच्या तारा फार वेळ घुमतात. पूर्वीचे मोठमोठे वादक तारांखाली, अगदी शेवटी जिथे त्या ब्रिजवर अडकतात तिथे, स्पंजची पट्टी सारायचे. याला म्यूट म्हणतात. मग ‘धूंऽऽऽ’ ऐवजी ‘धुप्’. एकदम जुना, खानदानी टोन.

स्वयंपाकघरातून स्पंज आणला. अर्धा कापला. बसवला. धुप्! अंगावर काटा आला. लिंबाचा वास येतो, पण तो टोनमध्ये ऐकू येत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, भांड्यांचा स्पंज अर्धा कसा झाला. म्हणालो, झिजला असेल. ती म्हणाली, कात्रीने?

मुलगी सोळा वर्षांची. दुपारी कॉलेजातून आली की माझ्या बेसवर टाइमपास करते. मीच परवानगी दिली आहे, मुलांना संगीताची गोडी लागावी म्हणून. ती म्हणाली, बाबा, स्पंज कशाला? डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही, नुसतं सैल सोडायचं, तार गप्प होते. मी प्रेमाने सांगितलं, बाळा, हा तांत्रिक विषय आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी
प्रचंड यश. मेहुणा म्हणाला, आज त्रास निम्मा झाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच.

हिशेब सरळ आहे. अर्ध्या स्पंजाने त्रास निम्मा. पूर्ण स्पंजाने शून्य.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
उरलेला अर्धाही घेतला. तरी जाड तार कुरकुरते. म्हणून ऑफिसचा एक मोजा गुंडाळून खाली सारला. (धुतलेला. बहुतेक.) शिवाय बायकोचा केसांचा रबर वर, बेसच्या मानेपाशी, सगळ्या तारांवरून चढवला. न वाजवलेल्या तारा उगाच सोबत घुमतात, त्यांना हा बांधून ठेवतो. बायको मोकळ्या केसांनी घरभर काहीतरी शोधत होती. कलेसाठी घरच्यांनाही थोडं सोसावं लागतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
आता आवाज अतिशय संयमित आहे. बायको खोलीत आली आणि म्हणाली, सुरू कधी करणार? मी तेव्हा दुसऱ्या गाण्याच्या शेवटाला होतो.

रविवार, १६ फेब्रुवारी
तालीम. पहिली दोन गाणी संयमित झाली. तिसऱ्यात मी जरा रंगात आलो आणि मोजा तारांखालून निसटून उडाला, तो थेट डॉक्टरच्या ड्रमवर. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणारा माणूस, पण मोजा त्याने काडीने उचलला. पोस्टातल्या बाई पाणी प्यायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

ओळखलं : स्पंज, मोजा हे नवशिक्यांचं काम. खरा माणूस नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी वापरतो. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जाड नमदा असतो. मुलगी माझा विसरलेला चष्मा द्यायला दवाखान्यात आली होती. तिला म्हणालो, बेस सांभाळ, आलोच.

शिंप्याने आधी एका बाईचा कोट संपवला. मग मी त्याला म्यूटची कल्पना समजावली, त्यात वेळ गेला. दीड तासाने परतलो तर आवराआवर चालली होती. सगळे फार खुशीत. बिचारे बेसशिवाय नुसते बसून राहिले असतील, तरी खुशीत! मेहुण्याने सगळ्यांच्या फोनवर रेकॉर्डिंग पाठवलं. खाली लिहिलं होतं : आजवरची सर्वांत चांगली तालीम.

सोमवार, १७ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग ऐकलं. मी वाजवलेली पहिली दोन्ही गाणी.

हा मी आहे?

हा मी आहे. सूर येतो, गोल, भरलेला, आणि हवा तिथे मिटतो. मध्ये स्वच्छ शांतता. आपण काय करतोय ते वाजवताना कळत नाही, हेच खरं. अकरा वेळा ऐकलं. दर वेळी शेवटचा ठोका पडला की डोळे भरून येतात, म्हणून बंद करून पुन्हा पहिल्यापासून लावतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी
ऑफिसात साहेबांना ऐकवलं. ते म्हणाले, छान, पण सहाव्या मजल्यावर अडकलेले लोक काढले का? (काढले. नंतर.)

घरी जेवताना लावलं. बायकोलाही आवडलं. म्हणाली, सुंदर, आणि मुलीकडे बघितलं. मुलगी ताट उचलून आत गेली. वडिलांचं कौतुक तोंडावर करायला मुलं लाजतात. मी त्या दोघींना मोज्याची जागा, रबराचा ताण, सगळं समजावून सांगितलं. बायकोने विचारलं, कुठला रबर?

शनिवार, २२ फेब्रुवारी, सकाळ
आज वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जाऊन नमदा कायमचा बसवून घेणार. त्याला रेकॉर्डिंगही ऐकवेन. जाणकाराचं मत वेगळं.

शनिवार, २२ फेब्रुवारी, दुपार
लिहू की नको.

म्हाताऱ्या कारागिराने डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, यात म्यूट कुठेय? स्पंज असला की सूर जन्मतःच दबलेला येतो. हा पूर्ण येतो आणि मग थांबवलाय. डाव्या हाताने. कुणाचा हात आहे हा?

म्हणालो, माझा.

त्याने भिंतीवरचा एक बेस काढून माझ्या हातात दिला. वाजवला. तो चष्मा पुसायला लागला. बराच वेळ पुसला. इकडे फोन चालूच होता, कारण या वेळी मी बंद केला नव्हता. शेवटचा ठोका पडला. मग मेहुण्याचा आवाज : वा गं पोरी! अगं, हे शिकलीस कधी? मग टाळ्या. मग माझी मुलगी : मामा, बाबांना सांगू नका हं, मी स्पंज परत बसवते. बारा दिवस झाले, ते स्पंज कापतायत.

कारागिराने हलकेच फोन बंद केला आणि म्हणाला, आज दुकान लवकर बंद करायचंय. साडेअकरा वाजले होते.

शनिवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळ
तारांचा दोष नसावा.

रविवार, २३ फेब्रुवारी
मेहुण्याला कळवलं, बोट दुखतंय, आजपासून पोरगी येईल. मुलीने विचारलं, कुठलं बोट? एक दाखवलं. थोड्या वेळाने बायकोने विचारलं, तिला दुसरं दाखवलं. मग दोघी एकमेकींशी बोलल्या.

मुलगी खोलीत येऊन शेजारी बसली. म्हणाली, बाबा, तुम्ही ऐकलंत ना शेवटपर्यंत? म्हणालो, शिंप्याकडे छान नमदा होता. ती म्हणाली, मी नाही वाजवत मग, तुम्हीच जा. खरंच बोलत होती. तिचा चेहरा बघून मला ते कळलं. एवढी संधी! मी पूर्ण एक मिनिट विचार केला, तो का केला याची आता लाज वाटते. मग म्हणालो, जा, उशीर होईल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
ठरवलं : मी बँडचा तांत्रिक सल्लागार. मेहुण्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, भाऊजी, खुर्च्या मांडायला चारला या.

रविवार, २ मार्च
कार्यक्रम झाला. ऐंशी खुर्च्या मांडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो. ती उभी राहिली, मान खाली, केस डोळ्यांवर. पहिला सूर आला आणि मिटला, आणि मला बसल्या जागी कळलं की गेली नऊ वर्षं आमच्या बँडमध्ये काय नव्हतं. शेजारचे गृहस्थ पायाने ताल धरत होते. त्यांना सांगितलं, माझी मुलगी. तीनदा सांगितलं.

नंतर वाचनालयाच्या बाईंनी विचारलं, पोरगी कुणाकडे शिकली हो? मी तोंड उघडलं. बायको म्हणाली, कुणाकडेच नाही. बाईंनी मला विचारलं, तुम्हीही काही वाजवता का? म्हणालो, वाजवायचो. बायको म्हणाली, कधी?

बेस गाडीपर्यंत मीच उचलून नेला. हे काम जमतं मला. मुलगी मागून म्हणाली, बाबा, जपून, दाराला लागेल.

लागला.